समिती, राष्ट्रीय पक्ष आणि सीमाभागातलं मत : एक पार्श्वभूमी

एप्रिल २०२१ मध्ये बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली. कर्नाटकातला मराठी सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या तरुण उमेदवाराला एक लाखाहून जास्त मतं पडली आणि भाजपनं आपली जागा जेमतेम पाच हजारांच्या फरकानं राखली. त्याच वर्षी सप्टेंबरात महानगरपालिकेची निवडणूक पहिल्यांदाच पक्षचिन्हांवर झाली. ५८ पैकी ३५ जागा भाजपला मिळाल्या आणि ज्या सभागृहावर समितीनं वर्षानुवर्षं पकड ठेवली होती, तिथं तिचे मोजकेच नगरसेवक उरले. शहर तेच, मतदारही बरेचसे तेच. मराठी माणूस विकला गेला, असं म्हणून हात झटकणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. समितीवर गेल्या सत्तर वर्षांत जे काम येऊन पडलं, ते पाहिल्याशिवाय या दोन निकालांचा मेळ बसत नाही.

भाषेच्या प्रश्नावर संघटना आधी उभ्या राहिल्या, पक्ष मागून आले, आणि हे दोन्ही बाजूंना झालं. कन्नड मुलूख इंग्रजी अमदानीत मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर, कोडगू असा विखुरलेला होता. कन्नड भाषेच्या जतनासाठी धारवाडात १८९० मध्येच कर्नाटक विद्यावर्धक संघ निघाला होता. १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली ती बेळगावातच. काँग्रेसनं १९२० च्या नागपूर अधिवेशनात भाषावार प्रांतिक समित्या मान्य केल्या. १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात अधिवेशन भरलं, तेव्हा त्याला लागूनच कर्नाटक एकीकरण परिषदही झाली. बावीस वर्षांनी, मे १९४६ मध्ये, याच गावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दोन्ही भाषिकांच्या आकांक्षा एकाच गावात वाढल्या, आणि दोघांनाही भाषावार प्रांतांचं आश्वासन एकाच पक्षानं दिलं होतं.

तो पक्ष सत्तेवर आल्यावर मात्र पावलं जड झाली. राज्य पुनर्रचना आयोगानं सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल दिला. त्यात जिल्हा हा घटक मानून बेळगाव जिल्हा, एक चंदगड तालुका वगळून, कर्नाटकाकडे दिला गेला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा होताच बेळगावातही लोक रस्त्यावर आले. १७ जानेवारीला गोळीबार झाला. तो दिवस आपण आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतो. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं म्हैसूर राज्य, म्हणजे आजचं कर्नाटक, झालं. तेव्हापासून त्या तारखेला एका रस्त्यावर राज्योत्सवाच्या मिरवणुका निघतात, तर दुसरीकडे संभाजी उद्यानापासून काळे कपडे, काळे झेंडे घेऊन निषेधाची सायकल फेरी निघते.

समितीचं मूळ या काळातलं. ती रूढ अर्थानं पक्ष नव्हती. शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), समाजवादी, कम्युनिस्ट आणि कुठल्याच पक्षाचे नसलेले, अशा सगळ्यांना एका मागणीवर एकत्र बांधणारी ती मोट होती. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार सूत्रांवर सीमा आखावी, एवढंच तिचं म्हणणं. पण बहुमत कुठं आहे हे दाखवायला निवडणुकीइतकं खणखणीत साधन दुसरं नव्हतं, म्हणून ती निवडणुकीत उतरली. १९६२ मध्ये म्हैसूर विधानसभेत समितीचे ६ आमदार निवडून आले. सत्तेत वाटा मिळवण्यापेक्षा त्या मतांची नोंद व्हावी, हा त्यामागचा हेतू होता.

राज्यशास्त्रात ही दोन कामं वेगळी धरतात. दबावगट एका हितासाठी आवाज उठवतो. पक्ष असे दहा आवाज ऐकतो, त्यांची तडजोड करतो आणि सत्ता मागतो. अमेरिकेत आर्थर बेंटली यांनी १९०८ मध्ये आणि डेव्हिड ट्रुमन यांनी १९५१ मध्ये ही मांडणी केली. रॉबर्ट डाल यांनी १९६१ मध्ये न्यू हेवन शहराचा अभ्यास करून दाखवलं, की तिथं कुठलाही एक गट सगळ्याच प्रश्नांवर राज्य करत नाही. आपल्याकडे रजनी कोठारींनी १९६४ मध्ये लिहिलं, की सहमतीचा पक्ष काँग्रेस आहे आणि बाकीचे दबावाचे पक्ष आहेत. सीमाभागाला हे चांगलं लागू पडतं, पण एका जागी अडतं. दबावगटाचा दबाव चालतो तो त्याची मतं ज्यांना हवी असतात त्यांच्यावर. सीमावासीयांचं मत मोजलं जातं बेंगळुरूच्या हिशेबात, आणि मागणी असते दिल्लीकडे आणि मुंबईकडे. ज्यांच्या हातात निर्णय, त्यांना या मतांवाचून फारसं काही अडत नाही. राष्ट्रीय पक्षांच्या तर दोन्ही राज्यांत शाखा. महाराष्ट्रात ते सीमावासीयांच्या पाठीशी असतात, कर्नाटकात एक इंचही जमीन देणार नाही म्हणतात, आणि मग प्रश्न थंड ठेवण्यातच त्यांची सोय असते. समितीला दबावगटाचं काम पक्षाच्या अंगरख्यात करावं लागलं, ते यामुळे.

सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचंही तेच झालं. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांची नेमणूक झाली आणि पुढच्याच वर्षी अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडची २४७ कर्नाटकाला, आणि बेळगाव आहे तिथंच. महाराष्ट्रानं तो फेटाळला, कर्नाटकानं उचलून धरला. फेब्रुवारी १९६९ मध्ये शिवसेनेनं याच प्रश्नावर मुंबई पेटवली. सीमाभागाला मात्र त्यातून काही मिळालं नाही.

भाषेपलीकडची हितंही इथं होती, हे विसरून चालणार नाही. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळुरू महामार्ग अडवला. रस्त्यावरच तळ पडला. त्यात मराठी बोलणारे होते, कन्नड बोलणारेही होते, कारण तंबाखूचा व्यापारी दर पाडताना भाषा विचारत नव्हता. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि १२ शेतकरी गेले. एक माणूस अनेक गटांत असतो आणि म्हणून कुठलाच गट त्याला पुरता ओढून नेऊ शकत नाही, हे बहुलवादाचं, म्हणजे सत्ता अनेक गटांत वाटलेली असते असं मानणाऱ्या बेंटली-ट्रुमन-डाल यांच्या मांडणीचं, गृहीतक मला निपाणीच्या त्या रस्त्यावर जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे कुठं दिसत नाही.

पण पुढच्याच वर्षी पारडं उलट फिरलं. शाळांत कन्नडला पहिलं स्थान द्या, या गोकाक समितीच्या शिफारशीसाठी कन्नड अभिनेते राजकुमार यांच्या नेतृत्वाखाली राज्यभर चळवळ झाली. १९८३ मध्ये काँग्रेस कर्नाटकात पहिल्यांदा सत्तेबाहेर गेली, त्याच्या कारणांत ही चळवळही मोजली जाते. कन्नड संघटनांची ताकद किती, हे त्यानंतर कुठल्याही पक्षाला सांगावं लागलं नाही. कन्नडसक्तीविरुद्ध १ जून १९८६ ला समितीनं आंदोलन पुकारलं. शरद पवार आले, छगन भुजबळ वेषांतर करून शिरले. गोळीबारात माणसं गेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर दर १ जूनला अभिवादन होतं ते त्यांना.

रस्ता आणि सभागृह दोन्हीकडून हाती काही लागेना, तेव्हा १९९६ मध्ये समितीनं मतपत्रिकाच आंदोलनाचं साधन केली. बेळगाव लोकसभेला तब्बल ४५६ उमेदवार उभे राहिले. एका कागदावर एवढी नावं मावणं शक्यच नव्हतं. देशानं दखल घेतली खरी, पण कशी? तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या नलगोंड्यातही असंच घडलं होतं, तिथं ४८० उमेदवार होते. त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० वर नेली गेली आणि अपक्षाला दहा सूचकांची अट घातली गेली. एवढी माणसं अर्ज भरायला का निघाली, याकडे कुणी पाहिलं नाही.

महापालिकेचं तेच. ऑक्टोबर २००५ मध्ये सभागृहानं महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. बेंगळुरूत महापौरांच्या तोंडाला काळं फासलं गेलं आणि सरकारनं महापालिकाच बरखास्त केली. २००६ पासून विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावात भरू लागलं, २०१२ मध्ये त्यासाठी सुवर्ण विधानसौध ही इमारत उभी राहिली, २०१४ मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे बेळगावी झालं.

या सगळ्यात समितीची स्वतःची चूकही आहे आणि ती स्पष्ट सांगायला हवी. मध्यवर्ती, शहर, तालुका अशा फळ्या पडल्या. एका जागेवर दोन-दोन समितीनिष्ठ उभे राहिले. २०१३ मध्ये बेळगाव दक्षिण आणि खानापूर मिळालं, २०१८ आणि २०२३ मध्ये विधानसभेत एकही माणूस गेला नाही. मधल्या काळात राष्ट्रीय पक्षांनी मराठीच उमेदवार दिले, रस्ते-गटारींची कामं दाखवली, मराठा समाजाकडे जात म्हणून हात पुढे केला. कर्नाटकातल्या मागासवर्गीय आरक्षणात ३-ब मधून २-अ प्रवर्गात घ्या, ही त्या समाजाची जुनी मागणी. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पांनी मराठा समाजासाठी विकास मंडळाची घोषणा केली, त्यावर कन्नड संघटनांनी बंद पुकारला. वॉर्डातल्या पाण्यासाठी एका चिन्हाला आणि मराठीपणासाठी दुसऱ्याला मत देणारा माणूस यातून घडला आहे. त्याला गद्दार म्हणणं म्हणजे त्याची निम्मी गरज नाकारणं.

महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, ८६५ गावांचा. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही विधिमंडळांनी पाच दिवसांच्या अंतरानं परस्परविरोधी ठराव केले, तेव्हा दोन्हीकडे भाजप सत्तेत होता. दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर मराठीतून परिपत्रकं, मराठी फलक, मराठी शाळांत शिक्षक, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी असलेल्या घटनेच्या ३५० अ आणि ३५० ब या कलमांच्या आधारानं मागता येतं, आणि त्यासाठी आमदार असावाच लागतो असं नाही. महापालिकेतल्या प्रत्येक अर्जाला पोच घेऊन पाठपुरावा करणारी माणसं लागतात. समितीच्या तरुण फळीनं हे काम हाती घेतलं आहे, आणि सध्या मला तिच्याकडूनच जास्त आशा वाटते.