बिटटोरंट : जोडणीच्या सेटिंग्जची निवड

बिटटोरंट पद्धतीत एकाच सर्व्हरवरून फाइल न घेता ती वापरणारे आपसात तिच्या तुकड्यांची देवाणघेवाण करतात. अशी फाइल उतरवताना प्रोग्रॅममध्ये पोर्ट (संगणकात जोडणी येण्याची क्रमांकाने ओळखली जाणारी वाट), अपलोडची मर्यादा, जोडण्यांची संख्या, एनक्रिप्शन अशा अनेक सेटिंग्ज वापरणाऱ्याच्या हाती असतात. ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रॅमरने २००१ मध्ये ही पद्धत तयार केली. डेबियन, उबुंटू यांसारखी लिनक्स वितरणे आणि इंटरनेट आर्काइव्हवरील बरेचसे साहित्य या मार्गानेही मिळते. वेगावर खरा परिणाम दोनच सेटिंग्जचा होतो. एक, बाहेरून येणाऱ्या जोडण्यांना आत यायची वाट मोकळी असणे. दुसरी, अपलोडने लाइन काठोकाठ न भरणे. बाकीचे आकडे त्यामानाने किरकोळ आहेत, आणि ते आंधळेपणाने वाढवत नेले तर बहुतेकदा वेग घटतोच.

देवाणघेवाणीचा हिशेब

सेटिंग्जचे मर्म कळायला आतला व्यवहार माहीत हवा. फाइलचे तुकडे केलेले असतात. एक तुकडा साधारणपणे २५६ किलोबाइट ते १६ मेगाबाइटचा असतो आणि तो १६ किलोबाइटच्या ठोकळ्यांनी मागवला जातो. ज्याच्याकडे पूर्ण फाइल आहे तो सीड, ज्याची अजून उतरते आहे तो पीअर. या सगळ्यांचा मिळून स्वॉर्म होतो. पीअर एकमेकांशी जशास तसे वागतात. आपल्याला सर्वांत वेगाने देणाऱ्या मोजक्या जणांनाच प्रत्येक जण माल देतो आणि ही निवड दर १० सेकंदांनी पुन्हा करतो. शिवाय एक जागा नवख्यासाठी राखलेली असते आणि दर ३० सेकंदांनी ती दुसऱ्याला मिळते. म्हणून अपलोड शून्याजवळ आणून ठेवणाऱ्याला इतर पीअरही हात आखडता घेऊनच देतात.

सीडचे गणित वेगळे. त्याला कोणाकडून काही घ्यायचे नसते, त्यामुळे तो अपलोडची परतफेड पाहत नाही. भरपूर सीड असलेल्या टोरंटमध्ये (म्हणजे अशा रीतीने वाटल्या जाणाऱ्या फाइलमध्ये) अपलोड कमी ठेवूनही वेग चांगला मिळतो तो यामुळे. त्या अनुभवावरून ‘अपलोड बंद केले की डाउनलोड वाढते’ असा निष्कर्ष काढणे मात्र चूक आहे. सीड कमी आणि पीअर जास्त असलेल्या टोरंटमध्ये तो लगेच अंगाशी येतो.

पोर्ट उघडणे

दोन संगणकांची जोडणी व्हायला त्यांपैकी किमान एकाला बाहेरून येणारी हाक ऐकू यावी लागते. दोघेही बंद राउटरच्या आड असतील तर त्यांची गाठ सहसा पडत नाही. काही प्रोग्रॅम तिसऱ्या पीअरच्या मध्यस्थीने वाट काढतात, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. पोर्ट बंद असलेला संगणक फक्त पोर्ट उघडे असलेल्यांशीच बोलू शकतो. मोठ्या स्वॉर्ममध्ये ही उणीव जाणवत नाही. दहा-बारा जणांच्या स्वॉर्ममध्ये मात्र फाइल मिळणार की नाही, हेच त्यावर ठरू शकते.

बिटटोरंटचे मूळ पोर्ट ६८८१ ते ६८८९ हे होते. ते आता टाळावेत. काही इंटरनेट कंपन्या नेमक्या त्याच पोर्टांचा वेग दाबत आणि काही ट्रॅकर (कोणती फाइल कोणाकडे आहे हे सांगणारे सर्व्हर) ते नाकारतात. त्याऐवजी ४९१५२ ते ६५५३५ मधला क्रमांक घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चालतो, पण त्यात एक खोच आहे. विंडोज व्हिस्टापासून पुढे हीच पट्टी बाहेर जाणाऱ्या तात्पुरत्या जोडण्यांसाठी वापरली जाते. क्वचित दुसराच प्रोग्रॅम आपला क्रमांक आधी बळकावतो आणि त्या दिवशी पोर्ट विनाकारण बंद दिसतो. लिनक्समध्ये अशी पट्टी सहसा ३२७६८ पासून सुरू होते. त्यामुळे २०००० ते ३२००० मधला एखादा क्रमांक दोन्हीकडे निर्धास्तपणे चालतो.

क्रमांक ठरला की प्रोग्रॅममधील ‘दर वेळी नवा पोर्ट’ हा पर्याय बंद करावा. राउटरमध्ये त्या संगणकाला कायमचा स्थानिक आयपी पत्ता राखून द्यावा, नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलतो आणि पोर्टची वाट भलत्याच यंत्राकडे वळते. त्यानंतर पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर तोच क्रमांक टीसीपी आणि यूडीपी (इंटरनेटवर माहिती पाठवण्याच्या दोन पद्धती) दोन्हींसाठी त्या पत्त्याकडे वळवावा. फक्त टीसीपी वळवणे ही नेहमीची चूक आहे, कारण यूटीपी (बिटटोरंटची माल पाठवण्याची दुसरी पद्धत) आणि डीएचटी (ट्रॅकरशिवाय पीअर शोधण्याची पद्धत) यूडीपीवर चालतात. शेवटी संगणकाच्या फायरवॉलमध्ये प्रोग्रॅमला परवानगी द्यावी. पोर्ट तपासताना प्रोग्रॅम चालू असायलाच हवा. त्या क्रमांकावर ऐकणारे कोणी नसेल तर तपासणीचे साधन पोर्ट बंदच दाखवते, आणि पुष्कळ लोक इथेच फसतात.

राउटरमध्ये यूपीएनपी किंवा नॅट-पीएमपी चालू असेल तर हे काम प्रोग्रॅम स्वतःच करतो. सोय मोठी आहे, पण घरातील कोणताही प्रोग्रॅम न विचारता पोर्ट उघडू शकतो, म्हणून ज्यांना जमेल त्यांनी हाताने वाट करणे अधिक सुरक्षित.

सगळे नीट करूनही पोर्ट बंद दिसत असेल तर राउटरच्या स्थितीच्या पानावरील बाहेरचा आयपी पत्ता आणि एखाद्या संकेतस्थळाला दिसणारा आपला पत्ता ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असतील तर मध्ये आणखी एक नॅट (बाहेरचा एकच पत्ता अनेकांत वाटणारी व्यवस्था) आहे. राउटरचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा मोडेम स्वतःही राउटरचे काम करतो आहे आणि त्याला ब्रिज मोडमध्ये टाकले, म्हणजे त्याचे राउटरचे काम बंद केले, की प्रश्न मिटतो. पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्टीत असेल तर अनेक ग्राहक कंपनीच्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे आहेत. ही पट्टी २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवली गेली. काही कंपन्या यासाठी १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात. अशा वेळी घरच्या राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. कंपनीकडून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता घेणे किंवा आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) वापरणे हेच मार्ग उरतात. आयपीव्ही६ मध्ये सहसा नॅट नसते, पण राउटरची फायरवॉल आत येणाऱ्या जोडण्या अडवतेच, त्यामुळे तिथेही परवानगीचा नियम लागतो.

अपलोडची मर्यादा

सर्वाधिक फरक पाडणारा आकडा हाच. टीसीपीवर माल उतरताना आपल्या बाजूने सतत पोचपावत्या जात असतात आणि त्या अपलोडच्या वाटेनेच जातात. १०० मेगाबिट वेगाने १५०० बाइटची पाकिटे येत असतील तर सेकंदाला सुमारे ८३०० पाकिटे होतात. दर दोन पाकिटांमागे ४० बाइटची एक पावती धरली तरी पावत्यांनाच जवळपास १.३ मेगाबिट अपलोड लागते. लाइनचे अपलोड ५ मेगाबिटच असेल तर त्याचा चौथा हिस्सा इथेच गेला. उरलेल्यात मर्यादा न घालता अपलोड सोडले की मोडेममधली रांग तुंबते, पावत्या तिच्यामागे अडकतात, आणि समोरचा पावतीची वाट पाहत पुढचा माल धीम्या गतीने पाठवतो. डाउनलोड वर-खाली हेलकावे खाते आणि त्याच वेळी ब्राउझरही रखडतो, ती याचीच खूण.

म्हणून आधी टोरंट बंद ठेवून अपलोडचा खरा वेग दोन-तीनदा मोजावा. जाहिरातीतला आकडा धरू नये. मोजणी मेगाबिटमध्ये येते, तर प्रोग्रॅमची मर्यादा बहुधा किलोबाइटमध्ये असते. त्यामुळे १००० ने गुणून ८ ने भागावे आणि त्याचे ८० टक्के घ्यावेत. २० मेगाबिट अपलोड म्हणजे सेकंदाला २५०० किलोबाइट, मर्यादा २०००. १ मेगाबिट म्हणजे १२५ किलोबाइट, मर्यादा १००. डाउनलोड अपलोडच्या वीसपट असलेल्या लाइनवर ७० टक्क्यांपर्यंत खाली यावे लागते. अपलोड आणि डाउनलोड सारखेच असलेल्या फायबरवर ९० टक्केही चालतात. डाउनलोडला मर्यादा घालण्याची गरज नसते. अपवाद एकच, तीच लाइन घरातील इतरांनाही त्या वेळी लागत असेल तर.

८ ने भागायचे विसरणे ही या विषयातील सर्वांत महागडी चूक. २० मेगाबिट लाइनवर २०००० किलोबाइट मर्यादा लिहिणे म्हणजे मर्यादाच न घालणे.

यूटीपी ही यूडीपीवर चालणारी पद्धत याच तुंबण्यावर उपाय म्हणून आली. पाकिटाला लागणारा उशीर ती मोजत राहते आणि रांगेतला उशीर १०० मिलिसेकंदांच्या आसपास गेला की स्वतःच मागे सरते. ती चालू ठेवावी. पण टीसीपीवरचे पीअर तसे मागे सरत नाहीत, म्हणून यूटीपी असली तरी हाताने घातलेली मर्यादा काढू नये. ‘यूटीपीलाही मर्यादा लावा’ हा पर्याय बंद असेल तर घातलेली मर्यादा यूटीपीच्या वाहतुकीला लागूच होत नाही, तोही तपासावा.

जोडण्यांची संख्या आणि अपलोडच्या जागा

क्यूबिटटोरंट या प्रोग्रॅममध्ये सुरुवातीला एकूण ५०० जोडण्या, एका टोरंटला १००, आणि एका टोरंटमागे अपलोडच्या ४ जागा असतात. बहुतेक लाइनींना एवढे पुरते. १०० जोडण्यांपैकी प्रत्यक्ष माल देणारे एका वेळी थोडेच असतात आणि उरलेल्यांशी फक्त कोणाकडे कोणता तुकडा आहे याचे निरोप चालतात. संख्या २००० केली तर निरोपांचा बोजा वाढतो. जुन्या किंवा स्वस्त राउटरची नॅट नोंदवही (चालू जोडण्यांची यादी) भरून जाते, आणि मग केवळ टोरंटच नव्हे तर घरातील सगळे इंटरनेट अडखळते. टोरंट सुरू केल्यावर थोड्या वेळात राउटर अडकतो आणि बंद-चालू केल्यावर ठीक होतो, असे वारंवार घडत असेल तर एकूण जोडण्या २०० वर आणून पाहावे. डीएचटीही अनेक यूडीपी नोंदी तयार करते, हे लक्षात ठेवावे.

अपलोडच्या जागांचा विचार वेगळ्या अंगाने करावा लागतो. १०० किलोबाइट अपलोड चार जणांत वाटले तर प्रत्येकाला २५ मिळतात. वीस जणांत वाटले तर पाच-पाच, आणि पाच किलोबाइट देणाऱ्याला कोणीच आपल्या निवडक यादीत घेत नाही. थोड्यांना भरघोस देणे हे अनेकांना चिमूटभर देण्यापेक्षा फायद्याचे ठरते. एका वेळी चालणाऱ्या टोरंटांनाही हाच न्याय लागू होतो. लहान अपलोडच्या लाइनवर एकदम दहा उतरवण्यापेक्षा दोन-तीन चालवून बाकीची रांगेत ठेवली तर सगळी मिळूनही लवकर संपतात.

पीअर शोधण्याचे मार्ग

ट्रॅकरखेरीज डीएचटी आणि पीअर-एक्स्चेंज (जोडलेल्या पीअरांनी एकमेकांना इतरांचे पत्ते देणे) हे मार्ग चालू ठेवावेत. मॅग्नेट लिंकला (टोरंट फाइलऐवजी फक्त तिची ओळख देणाऱ्या दुव्याला) तर डीएचटीचाच मोठा आधार असतो. खासगी ट्रॅकरच्या टोरंटमध्ये तशी खूण असते आणि प्रोग्रॅम त्या टोरंटपुरते हे मार्ग आपोआप बंद करतो. अशा टोरंटला सार्वजनिक ट्रॅकर जोडू नयेत, खाते बंद होऊ शकते. सार्वजनिक टोरंटला शंभर ट्रॅकरांची यादी चिकटवण्यातही फारसे हशील नाही. त्या ट्रॅकरवर तोच टोरंट कोणी नोंदवलेला असेल तरच नवे पीअर मिळतात.

एनक्रिप्शन आणि व्हीपीएन

बिटटोरंटमधील एनक्रिप्शनचा हेतू वाहतूक ओळखू न देणे हा आहे, गुप्तता हा नव्हे. स्वॉर्ममधील प्रत्येकाला आपला आयपी पत्ता दिसतोच. कॉमकास्ट ही अमेरिकी कंपनी खोटी ‘जोडणी तोडा’ पाकिटे पाठवून टोरंटची वाहतूक अडवते, हे २००७ मध्ये उघड झाले. तेथील दूरसंचार आयोगाने २००८ मध्ये तिच्याविरुद्ध आदेश दिला आणि २०१० मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. ‘शक्य असेल तिथे एनक्रिप्शन’ हा पर्याय योग्य. ‘एनक्रिप्शन सक्तीचे’ केले की तसे न करणारे पीअर गमावले जातात, त्यामुळे कंपनी वेग दाबते असा ठोस संशय असेल तरच सक्ती करून फरक पाहावा.

व्हीपीएन (आपली वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) वापरल्यावर राउटरमध्ये उघडलेला पोर्ट निरुपयोगी होतो, कारण वाहतूक आता बोगद्यातून जाते. पोर्ट फॉरवर्डिंग देणारी सेवा असेल तर तिने दिलेला क्रमांक प्रोग्रॅममध्ये लिहावा लागतो. तशी सोय नसेल तर आपण पोर्ट बंद असलेलेच पीअर.

अडथळा कुठे आहे हे ओळखणे

क्यूबिटटोरंटच्या पीअर यादीत प्रत्येकापुढे खुणेची अक्षरे असतात. कुणापुढेही ‘आय’ हे मोठे इंग्रजी अक्षर कधीच दिसत नसेल तर बाहेरून कोणी आत येत नाही, म्हणजे पोर्ट बंद आहे. लहान ‘डी’ म्हणजे आपल्याला हवे आहे पण समोरचा देत नाही. सगळीकडे लहान ‘डी’च असेल तर स्वॉर्ममध्येच अपलोड कमी आहे किंवा आपण पुरेसे देत नाही.

वेग करवतीच्या दात्यांसारखा चढून शून्यावर येत असेल आणि त्याच वेळी डिस्क पूर्ण व्यग्र असेल तर दोष जोडणीचा नाही. हार्ड डिस्कला विखुरलेले तुकडे लिहिताना दमछाक होते, म्हणून चालू टोरंट कमी करावेत. वायफायवर पाठवणे आणि घेणे एकाच हवेत आलटून पालटून चालते, म्हणून दोष शोधताना एकदा केबल लावून पाहावी. फॅट३२ स्वरूपाच्या पेनड्राइव्हवर ४ गिगाबाइटच्या वरची एकच फाइल मावत नाही आणि डाउनलोड त्रुटी देऊन थांबते.

जुन्या सल्ल्यांपैकी ‘अर्धवट जोडण्यांची मर्यादा’ वाढवण्याचा सल्ला आता सोडून द्यावा. ती विंडोज एक्सपीच्या २००४ मधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकची गोष्ट. एका वेळी अपूर्ण असलेल्या बाहेर जाणाऱ्या जोडण्या तिथे १० वर रोखल्या होत्या. विंडोज ७ मध्ये ती अट राहिली नाही, तरी तिच्यासाठी प्रणालीची फाइल बदलणारी जुनी साधने अजून फिरतात. ती चालवू नयेत.

डाउनलोड ९९ टक्क्यांवर थांबले तर कोणतीही सेटिंग बदलण्याआधी ‘उपलब्धता’ हा आकडा पाहावा. तो १ पेक्षा कमी, समजा ०.९९, असेल तर जोडलेल्या पीअरांमध्ये मिळूनही पूर्ण फाइल नाही. उरलेला तुकडा ज्याच्याकडे आहे तो जोडला गेल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. आपला पोर्ट उघडा असेल तर स्वतः पोर्ट बंद असलेला असा एखादा सीडही आपल्यापर्यंत पोचू शकतो. म्हणून अशा टोरंटला थांबवून ठेवण्यापेक्षा चालूच ठेवावे.