मूठ आवळायची कधी?

एका फटक्यात फरशांची चळत फोडणाऱ्या माणसाचा व्हिडिओ दर काही महिन्यांनी कुणीतरी पाठवतंच. खाली ठरलेली ओळ असते: 'ही स्नायूंची ताकद नाही, ही अंतःशक्ती!' यातला पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे, आणि त्याच्याच आडोशाने दुसरा खपून जातो.

आधी फरशीचा निकाल लावू. या फरशा काँक्रीटच्या असतात. काँक्रीट दाबाला भक्कम, पण ताणाला कच्चं. ताण सोसायची त्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण एक दशांश. दोन्ही टोकांना टेकू दिलेल्या फरशीवर मधोमध फटका बसला की ती किंचित वाकते, वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते आणि तडा खालून वर चढतो. लाकडी फळी तर लाकडाच्या तंतूंच्या रेषांच्या दिशेने फुटेल अशीच ठेवलेली असते. रेषा आडव्या येतील अशी ठेवून बघा, मग अंतःशक्तीची खरी परीक्षा होईल. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये मायकेल फेल्ड, रोनाल्ड मॅकनेअर आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1970च्या दशकात हे सगळं मोजलं. (मॅकनेअर स्वतः ब्लॅक बेल्ट, लेझरचे अभ्यासक आणि पुढे अंतराळवीर, 1986च्या चॅलेंजर दुर्घटनेत गेले.) वरून खाली येणाऱ्या फटक्यात हाताचा सर्वाधिक वेग सेकंदाला 10 ते 14 मीटर भरला, म्हणजे ताशी 36 ते 50 किलोमीटर. शिवाय हाड काँक्रीटपेक्षा बरंच चिवट. गूढ असं यात काही उरत नाही.

मला वेड आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. कराटे शिकायला लागलो तेव्हा सेन्सेई, म्हणजे आमचे गुरू, एकाच ठोशासाठी दोन सूचना द्यायचे, 'खांदा सैल सोड' आणि 'मूठ आवळ'. सैल सोडायचं की आवळायचं? बरीच वर्षं मी दोन्ही एकदम करायचो, आणि ठोसा अर्थातच मंद यायचा.

कारण साधं आहे. हात पुढे जातो तो दंडाच्या मागचा ट्रायसेप्स कोपर सरळ करतो म्हणून. पुढचा बायसेप्स त्याच्या उलट काम करतो. सगळा हात आवळला की दोघेही आकुंचन पावतात, आणि आपण ब्रेकवर पाय ठेवूनच अ‍ॅक्सिलरेटर दाबत असतो. त्यात आणखी एक अडचण. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी 1938 साली दाखवून दिलं की स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितकं कमी बल देतो. म्हणजे एकट्या हाताच्या स्नायूंवर भिस्त ठेवून भागत नाही. आधी कंबर वळते, मग खांदा सुटतो, मग कोपर, शेवटी मनगट. प्रत्येक सांधा आधीच्याकडून वेग उसना घेतो आणि पुढच्याला देतो. मधला एखादा सांधा ताठ राहिला की ही साखळी तिथेच तुटते.

वाटेत सैल राहायचं ते एवढ्यासाठी. मग आवळायचं कशाला? इथे थोडं गणित येतं, पण शाळेतलंच. आदळण्याच्या क्षणी मनगट आणि कोपर ढिले असतील तर लक्ष्याला 'जाणवतं' ते जवळपास मुठीचं आणि मनगटापुढचंच वस्तुमान; मागचा हात घडी पडून ती धडक पिऊन टाकतो. सांधे त्या क्षणी घट्ट झाले तर खांदा आणि धडाचा काही भागही मुठीला जोडला जातो. याला प्रभावी वस्तुमान म्हणतात. समजा वेग सेकंदाला 7 मीटर आहे. प्रभावी वस्तुमान 1 किलो असेल तर संवेग (वस्तुमान गुणिले वेग) 7 आणि गतिज ऊर्जा साडेचोवीस ज्यूल. तेच 3 किलो झालं तर संवेग 21 आणि ऊर्जा साडेत्र्याहत्तर. वेग तोच, फटका तिप्पट. कराटेत या घट्ट होण्याच्या क्षणाला 'किमे' म्हणतात. ठोशाबरोबर 'कियाई' ओरडताना पोटाचे स्नायू आवळले जातात, त्याचाही धड ताठ व्हायला हातभार लागतो.

आता खरी गंमत. मूठ लक्ष्याला भिडलेली असते ते काही मिलिसेकंद. मेंदूतून निघालेला आदेश हाताच्या स्नायूंपर्यंत पोचायलाच सुमारे 20 मिलिसेकंद लागतात. पोचल्यावर ताण तयार व्हायला आणखी किमान तेवढेच धरू. झाले 40. सेकंदाला 8 मीटर वेगाने तेवढ्या वेळात मूठ 32 सेंटिमीटर पुढे सरकते, जवळजवळ दीड वीत! म्हणजे 'लागलं की आवळू' हे शक्यच नाही. 'आवळ' हा आदेश मूठ अर्ध्या वाटेवर असतानाच सुटलेला असला पाहिजे, लक्ष्याला स्पर्शही झालेला नसताना. ठोसा हा पूर्णपणे अंदाजाचा खेळ आहे, आणि हा अंदाज बांधण्यात अनुमस्तिष्काचा, म्हणजे लहान मेंदूचा, मोठा वाटा असतो.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेज आणि युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 2012 साली 12 ब्लॅक बेल्टधारक आणि 12 नवखे यांची तुलना केली. मूठ आणि लक्ष्य यांतलं अंतर फक्त 5 सेंटिमीटर. तिथे हात भिरकावायला जागाच नाही. तरी कराटेवाल्यांचा ठोसा जास्त जोरकस निघाला. स्नायूंच्या निव्वळ ताकदीत मात्र फरक दिसला नाही. फरक होता खांदा आणि मनगट यांचे वेग शिगेला पोचण्याच्या वेळा किती अचूक जुळतात यात. मेंदूच्या स्कॅनमध्ये अनुमस्तिष्कातून निघणाऱ्या चेतातंतूंच्या रचनेतही या कौशल्याशी जुळणारे फरक आढळले. सरावाने रचना बदलली, की तशी रचना असलेलेच टिकले, हे अशा एकवेळच्या तुलनेतून सांगता येत नाही. स्पर्श न करता दहा जणांना लोळवणारे गुरू मात्र अशा मोजमापाकडे फिरकत नाहीत. त्यांचे फटके बहुधा त्यांच्याच शिष्यांना लागतात.

हे समजल्यापासून किहोनकडे, म्हणजे रांगेत उभं राहून हवेत मारायच्या शेकडो ठोशांकडे, मी जरा संशयाने बघतो. हवेत ठोसा थांबवायला बायसेप्सला ब्रेक मारावाच लागतो, नाहीतर कोपराला झटका बसेल. म्हणजे आपण वेगाबरोबर थांबायलाही शिकतो. खऱ्या लक्ष्यावर ब्रेक आधी लागला तर घात, कारण मुठीचा कमाल वेग हात पूर्ण सरळ व्हायच्या बराच आधी, साधारण तीनचतुर्थांश अंतरावर येतो. म्हणून लक्ष्याच्या थोडं मागे नेम धरायला सांगतात.

कराटेचं माहेर असलेल्या जपानच्या ओकिनावा बेटावरल्या जुन्या लोकांनी यासाठी माकिवारा वापरला: जमिनीत रोवलेली, वर गवताच्या दोरीने गुंडाळलेली, लवणारी फळी. जितकी मागे रेटाल तितकी जास्त विरोध करते. मूठ उशिरा आवळली तर मनगट दुमडतं आणि कळ थेट कोपरापर्यंत जाते. ती पोचेपर्यंत तो ठोसा संपलेला असतो, पण पुढच्या ठोशात 'आवळ' हा आदेश किती आधी सोडायचा याचा हिशेब अनुमस्तिष्क त्या कळेवरूनच दुरुस्त करतं.