ब्रिक्स आणि घनता मोजणं (घरगुती वाइन)

ब्रिक्स म्हणजे रसात साखर किती आहे ते सांगणारा आकडा. १०० ग्रॅम साखरपाण्यात १ ग्रॅम साखर असली की १ डिग्री ब्रिक्स. नाव पडलं १९व्या शतकातल्या अडॉल्फ ब्रिक्स या जर्मन माणसावरून, पण कोल्हापूरकडं हा शब्द वाइनमुळं नाही तर उसामुळं माहितीये. कारखान्याचा माणूस फडात येतो, कांडीला टोचून रसाचे दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या (रसातून प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर सांगणाऱ्या दुर्बिणीसारख्या नळीच्या) काचेवर टाकतो, उजेडाकडं तोंड करून डोळ्याला लावतो आणि ऊस पिकलाय का ते सांगतो. गुऱ्हाळावरचा गुळव्या मात्र आकड्याच्या भानगडीत पडत नाही, काहिलीतला पाक पाण्यात टाकून गोळी वळते का बघितलं की झालं.

वाइनमध्ये गुळव्याचं तंत्र चालत नाही, कारण आंबट फळ जिभेला सरळ फसवतं. करवंदाच्या नाहीतर जांभळाच्या रसात आंबट-तुरटपणाच एवढा की साखर असून कळत नाही. त्यामुळं हायड्रोमीटर लागतो. ही काचेची नळी रसात जितकी वर तरंगेल तितका रस दाट. तिच्यावरचा आकडा म्हणजे पाण्याच्या मानानं रसाची घनता: २० डिग्री तापमानाला साध्या पाण्यात १.००० दिसतं, २२ ब्रिक्सच्या रसात साधारण १.०९२. दूध संस्थेतला लॅक्टोमीटर याचाच भाऊ, पण वाइनला तो कामाचा नाही, त्याची पट्टी १.०४० च्या आसपासच संपते.

मोजायच्या आधी रस गाळून घ्यायचा, उंच सिलिंडरमध्ये ओतायचा, नळी हलकेच फिरवून सोडायची म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात, आणि डोळा रसाच्या पातळीला आणून, नळीभोवती रस जरा वर चढलेला दिसतो तो सोडून, खालच्या सपाट रेषेला आकडा वाचायचा. फसफसणारा रस असेल तर आधी ढवळून गॅस काढायचा, नाहीतर बुडबुडे नळीला वर उचलतात आणि साखर आहे त्यापेक्षा जास्त दिसते. उन्हाळ्यात उलटं होतं. रस ३० डिग्रीला असेल तर पातळ होतो आणि २० डिग्रीसाठी बनवलेला हायड्रोमीटर जवळजवळ ०.००२५ कमी दाखवतो, तेवढे वर मिळवायचे.

साखर वाढवायच्या हिशोबात बहुतेक जण इथंच चुकतात. समजा ५ किलो रस १४ ब्रिक्सचा आहे आणि २२ वर न्यायचाय, तर फरक ८, म्हणजे ५ किलोला ४०० ग्रॅम असं वाटतं, पण साखर टाकली की एकूण वजनही वाढतं ना, म्हणून भागायचं १०० नं नाही तर १०० वजा २२ म्हणजे ७८ नं. ५ गुणिले ८ भागिले ७८, उत्तर साधारण ५१३ ग्रॅम. ४०० च टाकली तर गाडी २०.४ ला अडकते.

आंबवण सुरू करायच्या आधीचा आकडा वहीत लिहून ठेवायचाच, नंतर तो परत मिळत नाही. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून शेवटी आकडा १.००० च्याही खाली जातो, तेव्हा मीटर बिघडलाय म्हणून दुकानदाराशी भांडू नये. पहिला आकडा १.०९० आणि शेवटचा ०.९९६ असेल तर फरक ०.०९४, त्याला १३१.२५ नं गुणलं की साधारण १२.३ टक्के अल्कोहोल. शेवटचं मोजमाप रिफ्रॅक्टोमीटरनं करायचं तर अल्कोहोलची दुरुस्ती करावी लागते, कारण तो प्रकाश किती वाकतो ते बघतो आणि अल्कोहोलमुळं साखर उरलीये असं दाखवतो.

आकडा सलग दोन-तीन दिवस हलला नाही तरच बाटली भरायची. साखर शिल्लक असताना घट्ट बूच लावलं तर आत गॅस साठून बाटली फुटते. आणि हो, महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणं परवान्याशिवाय वाइन बनवणं गुन्हा आहे, घरी पिण्यापुरती असली तरी. उसाचा नाहीतर फळांचा रस नुसता मोजून बघायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.