लर्निंग लायसन्सवर मुलं गाडी चालवतात, तेव्हा विम्याचं काय?

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे, म्हणजे विमा काढून देणाऱ्यांकडे, एक प्रश्न हमखास येतो. "मुलीनं लर्निंग काढलंय, तिचं नाव पॉलिसीत घालायचं का? हप्ता किती वाढेल?"

नाव घालावं लागत नाही आणि त्यासाठी हप्ताही वाढत नाही. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांना कारचा विमा महाग पडतो हे खरं, कारण तिथे चालकाचं वय बघतात. आपल्याकडे खासगी कारचा हप्ता मुख्यतः गाडीवर ठरतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे अपघातात दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा, दर सरकारी असतो. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७, वर जीएसटी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), गाडीचं वय, सीसी आणि नोंदणीचं ठिकाण यांवर निघतो. साताऱ्याची गाडी मुलगा कॉलेजसाठी पुण्याला घेऊन गेला म्हणून तिला पुण्याचा दर लागत नाही.

खर्च वाढतो तो गाडीच मुलाच्या नावावर केली तर. पाच वर्षं क्लेम न घेता वडिलांनी मिळवलेली ५० टक्के नो क्लेम बोनसची सवलत वडिलांकडेच राहते, मुलाला शून्यापासून सुरुवात करावी लागते. शिक्षण चालू असेपर्यंत गाडी आईवडिलांच्या नावावर राहू द्या, असं आम्ही सांगतो.

आता ज्यात खरा त्रास होतो ते. लर्निंगवर विमा लागू होतच नाही, असा बऱ्याच जणांचा समज आहे. तो चुकीचा आहे. पॉलिसीतलं 'ड्रायव्हर्स क्लॉज' वाचा: लर्निंगवाला चालवू शकतो, पण त्यानं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ पाळलेला हवा. म्हणजे लर्निंगची मुदत शिल्लक हवी (ती सहा महिनेच असते), गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा आणि शेजारच्या सीटवर पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, गरज पडली तर गाडी थांबवू शकेल असा. मागच्या सीटवर बसलेले काका चालत नाहीत. शेजारी बसलेला मित्रही लर्निंगवालाच असेल, तर तोही चालत नाही.

लर्निंगवर विमा लागू होत नाही हा समज मनात असल्यामुळे गाडी ठोकली की लोक घाबरतात आणि क्लेमच्या फॉर्मवर लिहितात, "गाडी मी चालवत होतो." मुलाच्या काळजीपोटीच लिहितात, हे आम्हाला कळतं. पण सर्व्हेअर विचारतो, सोसायटीचा कॅमेरा असतो, दवाखान्याच्या कागदावर जखमी चालकाचं नाव असतं. एक जबाब दुसऱ्याशी जुळला नाही की फाइल तपासणीला जाते, आणि जो क्लेम सरळ पास झाला असता तो खोट्या माहितीमुळे नाकारला जातो. असं झालेलं आम्ही पाहिलंय: आई शेजारी बसलेली, तिचं लायसन्स पक्कं, गाडीला 'एल' लावलेला, सगळं नियमात. तरीही फॉर्मवर वडिलांचं नाव टाकलं. बंपर आणि हेडलाइटचा खर्च शेवटी घरातूनच गेला. एकदा सही झालेला जबाब आम्हालाही बदलता येत नाही.

मूल नियमाबाहेर, एकटंच चालवत असेल तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम मिळत नाही. दुसऱ्या कुणाला इजा झाली तर न्यायालय त्याला भरपाई देण्याचा आदेश विमा कंपनीला देऊ शकतं, पण ती रक्कम कंपनी गाडीमालकाकडून वसूल करू शकते. ती कधीकधी लाखांत असते. शिवाय विनापरवाना माणसाच्या हाती गाडी दिली म्हणून मालकाला ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अठरा पूर्ण नसलेल्या मुलाच्या बाबतीत पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

म्हणूनच नूतनीकरणाच्या वेळी आम्ही घरातल्या सगळ्यांच्या लायसन्सचे फोटो मागतो. "विमा गाडीचा, मग मुलाचं लायसन्स कशाला?" असं म्हणून काही ग्राहक रागावतात. मोबाइलवर पाच मिनिटांत पॉलिसी निघते, हेही मान्य. पण लर्निंगची मुदत कधी संपते त्याची नोंद आमच्याकडे राहते आणि महिनाभर आधी तुम्हाला आमचा फोन येतो. लर्निंगला तीस दिवस झाले की पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते, ती लांबवू नका.

पॉलिसी दुसरीकडून काढली असेल तरी कागद घेऊन या, बघून देतो, त्याचे पैसे घेत नाही. घरात नवं चालवणारं कुणी असेल तर झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई) आणि बोनस प्रोटेक्शन (क्लेम घेतला तरी बोनस टिकवणारं कवच) यांचा वेगळा आकडाही काढून देऊ. गाडी ठोकली तर गॅरेजला नेण्याआधी आणि फॉर्म भरण्याआधी आम्हाला फोन करा.