वाटणीचा दावा मध्यस्थीला गेलाय? कोणाला न्यावं, काय न्यावं, कसं बोलावं

मध्यस्थी म्हणजे निकालाआधी तटस्थ माणसासमोर बसून तडजोडीची बोलणी करणं. दावा त्यासाठी पाठवण्याच्या न्यायालयाच्या आदेशात बहुधा दोन तारखा असतात: एक मध्यस्थी केंद्रात हजर राहण्याची, दुसरी न्यायालयातली. अनेकजण दुसरीच लक्षात ठेवतात. मग पहिल्या तारखेला बहीण लांबून एसटीने येते, बाकीचे येतच नाहीत, ती दुपारपर्यंत बसते आणि परत जाते. बोलणी सुरू होण्याआधीच मन दुखावलेलं असतं. आदेशाची प्रत मिळाली की वकिलांना विचारून दोन्ही तारखा लिहून ठेवा.

दावा अजून दाखल नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीसाठी दाखलपूर्व अर्ज करता येतो. सोबत ओळखपत्र, सातबारा, फेरफार न्या.

खरं अडतं ते माणसांवर. नोटिशीत नुसतं 'पक्षकारांनी हजर राहावे' असतं. अरे, कोणाकोणाच्या सह्या लागणार हे एका ओळीत लिहायला काय हरकत आहे? हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. "ताईने हिस्सा कधीच सोडलाय" हे तोंडी चालत नाही, हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं. कोणी परगावी असेल, तर त्याच्या मुखत्यारपत्रात तडजोड करण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. हे नसेल तर जुळलेली बोलणीही सहीपाशी अडकतात.

आत गेल्यावर मोबाइल बंद ठेवा, रेकॉर्डिंग करू नका. समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्या, तुमचीही पाळी येते. दाव्याच्या कागदावर बहीण 'प्रतिवादी क्रमांक 3' असेल, इथे तिला ताईच म्हणा. एवढ्यानेही बोलण्याचा सूर बदलतो, हे मी पाहिलं आहे. मध्यस्थ एकेका पक्षाशी स्वतंत्रही बोलतात. तेव्हा बाहेर बसून 'आत काय शिजतंय' असा संशय घेऊ नका. तुम्ही एकांतात सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय पलीकडे जात नाही. तडजोड फिसकटली तर न्यायालयाला तेवढंच कळवलं जातं, कोण काय म्हणालं ते नाही. मध्यस्थ न्यायाधीश नव्हेत, निकाल देत नाहीत. त्यांच्यापुढे समोरच्याची उणीदुणी काढून हाती काही लागत नाही.

नाही म्हणायचा हक्क सगळ्यांना आहे. नाही जमलं तर दावा पुढे चालतो. पण तडजोडपत्रावर सही झाली आणि त्यावर न्यायालयाचा हुकूमनामा (अंतिम आदेश) झाला, की त्याविरुद्ध अपील नाही. म्हणून आत्याला वाचता येत नसेल तर अख्खा मजकूर तिला सावकाश वाचून दाखवा, आणि तिला घरी जाऊन विचार करायचा असेल तर तिच्यासाठी तुम्हीच पुढची तारीख मागा.