बारा लिटरच्या म्हशीची रेडी बारा लिटर का देत नाही?

दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात सजवलेल्या म्हशी रस्त्यावर आल्या की नजर आधी जाते ती पंढरपुरीच्या तलवारीसारख्या शिंगांवर. शिंगं जात सांगतात, दूध नाही. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून लक्ष्मी ठरवणारे तर दुधाच्या जवळपासही पोचत नाहीत. त्यातल्या त्यात शहाणा गिऱ्हाईक रेडी घेताना आईचं दूध विचारतो. ‘वेळेला सहा लिटर देत्या’, म्हणजे दोन वेळचे बारा, असं उत्तर आलं की सौदा पक्का. उत्तर खरं असलं तरी हिशोब चुकतोच.

समजा, गोठ्याची सरासरी रोजची 6 लिटर आणि ही म्हैस 12 देते. वरचे 6 लिटर कुठून आले? वैरण, पेंड, कितवं वेत (विणं आणि त्यानंतरचा दुधाचा काळ), व्यायल्याला किती दिवस झाले, धार काढणाऱ्याचा हात, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. दुधाच्या बाबतीत अशा फरकातला साधारण 25 टक्केच भाग पुढच्या पिढीकडे जाऊ शकणारा असतो. म्हणजे दीड लिटर. त्यातलाही निम्मा वाटा आईकडून रेडीला मिळतो, कारण उरलेली निम्मी जनुकं रेड्याची. रेडा सरासरीचा असेल, तर त्याच गोठ्यात, त्याच वैरणीवर रेडीकडून अपेक्षा ठेवायची पावणेसात लिटरची. तीही सरासरीच, जनुकांचे पत्ते दर वेळी नव्याने पिसले जातात, म्हणून सख्ख्या बहिणींतही मोठा फरक पडतो.

मग पैसा लावायचा कुठे? रेड्यावर. एका रेड्याच्या गोठवलेल्या वीर्यमात्रांतून हजारो रेडकं होतात. अडचण एवढीच की रेडा दूध देत नाही. त्याची पारख त्याच्या मुलींच्या दुधावरून करावी लागते. म्हशीच्या स्वतःच्या एका वेताची नोंद हाताशी असेल, तर तिच्या आनुवंशिक कुवतीच्या अंदाजाची अचूकता 0.5 भरते (1 म्हणजे बिनचूक). रेड्याच्या 10 मुली मोजल्या तर 0.63, 50 मोजल्या तर 0.88, शंभरावर 0.93. पन्नासनंतरची वाढ किरकोळ. मुली मात्र वेगवेगळ्या गोठ्यांतल्या हव्यात, नाहीतर एका मालकाच्या पेंडीचं श्रेय रेड्याला जातं. मुली वाढून, व्यायून, 305 दिवसांचं वेत संपेपर्यंत रेडा म्हातारपणाकडे झुकतो; उणे 196 अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये त्याचं वीर्य तेवढं टिकून असतं.

जनुकीय चाचणीने ही वाट पाहणं कमी होतं. पण डीएनएचा कुठला तुकडा दुधाशी जोडलेला आहे हे कळतं ते हजारो जनावरांच्या दुधाच्या नोंदींवरूनच. नोंदी नसतील तर चाचणीचा कागद म्हणजे जनावराची कुंडली.

नुसत्या लिटरवर निवड केली तर फॅट घसरतं. दोघांचं नातं उलटं आहे, आणि डेअरीत पैसे फॅटवर मिळतात. गावात एकच रेडा वर्षानुवर्षं ठेवला तर तो स्वतःच्याच मुलींवर लागतो आणि त्या रेडकात अंतःप्रजनन (जवळच्या रक्ताच्या नात्यातली पैदास) 25 टक्क्यांवर जातं: गाभण न राहणं, अशक्त रेडकं. पहिल्या मुली माजावर यायच्या आत, साधारण अडीच वर्षांत, रेडा बदलायचा.

दुधाची नोंद महिन्यातून एक दिवस, दोन्ही वेळची, वजनकाट्यावर. मापात फेसही मोजला जातो. आदल्या धारेला कास पूर्ण रिकामी झालेली हवी. बाजारात एक वेळची धार चुकवून कास तुंबवतात ती पुढच्या धारेला दूध जास्त दिसावं यासाठीच.