वाईट बातमी अर्धीच का पोचते?

घरात कुणी अभद्र बोललं की मोठी माणसं दटावतात, 'शुभ बोल रे नाऱ्या, वास्तू तथास्तु म्हणते!' हल्ली हाच माल नव्या वेष्टनात विकला जातो: मनात चांगलं धरा, विश्व ते तुम्हाला आणून देईल. नुसत्या विचारांनी घटना घडवता येतात याला काडीचाही पुरावा नाही. पण आशावादी माणसाला जग जसं आहे तसं दिसतं का, हा प्रश्न मात्र खरोखर विज्ञानाचा आहे.

१९८० साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टाइन यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारलं, की अमुक गोष्ट इतरांपेक्षा तुमच्या बाबतीत घडण्याची शक्यता किती? एकंदर उत्तर असं आलं, की चांगलं आपल्या वाट्याला जास्त, वाईट कमी. सगळेच सरासरीहून नशीबवान कसे असतील? आणि आजारपणं, अपघात रोज बघूनही 'मला कुठे काय होतंय' हा समज टिकतो कसा?

मला भारी आवडतो तो प्रयोग याच प्रश्नावरचा. २०११ मध्ये लंडनला ताली शारोट आणि सहकाऱ्यांनी १९ जणांना एमआरआय यंत्रात झोपवलं आणि चोरी, अल्झायमर अशा ८० अप्रिय घटना स्वतःच्या बाबतीत घडण्याची शक्यता किती टक्के, याचे अंदाज विचारले. प्रत्येक अंदाजानंतर सर्वसाधारण माणसाच्या बाबतीतली खरी सरासरी शक्यता दाखवली आणि नंतर तेच प्रश्न पुन्हा विचारले. समजा तुम्ही ५० टक्के म्हणालात आणि सरासरी निघाली ३०. तुम्ही खुशीने ३५ वर उतरता. पण १० म्हणाला असाल आणि सरासरी ३० असेल, तर जेमतेम १४ पर्यंत चढता. चूक दोन्हीकडे २० ची, दुरुस्ती मात्र एकाच बाजूने भरघोस. मेंदूच्या पुढच्या भागात उजवीकडे एक वळी आहे. जे जास्त आशावादी, त्यांच्यात ही वळी वाईट बातमीतल्या, म्हणजे धोका वाटला त्याहून जास्त निघाला अशा वेळच्या, चुकीची नोंद क्षीणपणे घेत होती. म्हणजे आशा सगळंच धूसर करत नाही. चांगली बातमी नीट आत घेते, वाईट बातमी गाळते.

२०१६ मध्ये यावर जोरदार आक्षेप आला आणि तो गणिती होता. एक तर, जन्मात सिगारेट न ओढलेल्याने फुप्फुसाच्या कर्करोगाची सरासरी ऐकून आपला अंदाज फारसा वाढवला नाही, तर तो शहाणपणाच आहे. दुसरं, टक्के ही समान अंतराची पट्टी नव्हे. शक्यता 'प' धरली, तर तेवढ्याच पुराव्याने अंदाज साधारण प × (१ − प) या प्रमाणात हलतो: ५० टक्क्यांपाशी ०.२५, १० टक्क्यांपाशी ०.०९. त्यामुळे अजिबात पक्षपात नसलेला गणिती माणूसही या प्रयोगात आशावादी ठरू शकतो! शारोट यांच्या गटाने २०१७ मध्ये 'सरासरी माणसाचा धोका किती वाटतो' हेही विचारून पुन्हा तपासलं. असमतोल तरीही उरला. माझ्या मते तो खरा आहे, पण त्याचा आकार सावधपणे वाचावा.

आणि हा असमतोल कायमचा नसतो. प्रयोगशाळेत लोकांना अचानक सांगितलं, की आता तुम्हाला परीक्षकांपुढे भाषण करायचंय. धास्तावलेली ही माणसं वाईट बातमीही चांगल्या बातमीइतकीच मनावर घेऊ लागली. मग संशोधक अमेरिकेत कोलोरॅडोतल्या अग्निशमन केंद्रांवर गेले. ड्यूटीवरचा जवान त्या वेळी जितका चिंतेत, तितका वाईट आकड्यांनुसार स्वतःचा अंदाज तो अधिक नीट सुधारत होता.